पाहुणा सल्लागार

परदेशांतील व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक प्रघात चांगलाच दृढ झाला आहे. पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या चार-पाच विद्यार्थ्यांचे एक पथक करावयाचे, त्यास आशिया, आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेतील एखादा लहानसा उद्योग नेमून द्यावयाचा, काही महिने दुरून पत्रव्यवहार करून त्या उद्योगाची अडचण समजून घ्यावयाची, आणि मग दोन-तीन आठवडे प्रत्यक्ष त्या ठिकाणी मुक्काम ठोकून, मालकाशी बोलून, कारागिरांचे काम पाहून, शिफारशींचा एक सुबक अहवाल यजमानाच्या हाती ठेवून परतीच्या विमानात बसावयाचे, असा हा क्रम असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या स्लोन विद्यालयाने असा अभ्यासक्रम २००० साली सुरू केला, आणि त्याच धर्तीचे अनेक उपक्रम पुढे इतरत्र निघाले. विद्यार्थ्याला अनुभव मिळतो, विद्यालयाला कीर्ती मिळते. ज्याच्या दुकानात ही मंडळी येऊन गेली त्या दुकानदाराच्या पदरात काय पडते, हा प्रश्न मात्र बहुधा तिसऱ्या क्रमांकावर राहतो.

नगर जिल्ह्याला, म्हणजे सरकारी दप्तरात २०२४ पासून अहिल्यानगर झालेल्या पण बाजारहाटाच्या बोलण्यात अजून नगरच राहिलेल्या या मुलखाला, असा पाहुणा अपरिचित नाही. पश्चिमेस सह्याद्रीला बिलगलेल्या अकोल्यापासून आग्नेयेस बालाघाटाच्या डोंगररांगांना टेकलेल्या जामखेडपर्यंत पसरलेल्या या विस्तीर्ण आणि बव्हंशी अवर्षणग्रस्त जिल्ह्यात शंभराहून अधिक वर्षांत अभियंते आले, अर्थशास्त्रज्ञ आले, डॉक्टर आले, विद्यार्थी तर अखंड येत राहिले. पावसाचे पाणी जसे एका शिवारात मुरते आणि दुसऱ्यातून मातीसकट वाहून जाते, तसा कोणाचा सल्ला येथे मुरला आणि कोणाचा वाहून गेला, याचा जमाखर्च मांडावयास महाराष्ट्रात याहून सोयीचा जिल्हा मला तरी दिसत नाही.

प्रारंभ हातमागापासून करावा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरात येऊन स्थिरावले होते. त्यांच्या शाळा आणि दवाखाने सर्वांना ठाऊक आहेत, परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचे एक अभियंते होते, आणि त्यांनी धर्मप्रसाराहून निराळ्या अशा एका गोष्टीत बुद्धी खर्च केली, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. नगरात तेव्हा साड्या विणणाऱ्या पद्मशाली आणि साळी कुटुंबांची मोठी वस्ती होती आणि गिरण्यांच्या कापडापुढे त्यांचा धंदा खालावत चालला होता. चर्चिलसाहेबांनी विणकाम जलद होईल अशी सुधारलेली मागाची रचना सिद्ध केली. ‘चर्चिल माग’ या नावाने ती हिंदुस्थानभर चर्चिली गेली आणि मिशनच्या औद्योगिक शिक्षणात तिला स्थान मिळाले. यंत्र म्हणून ते उत्तम होते याविषयी दुमत दिसत नाही. तथापि विणकराची अडचण केवळ मागाच्या वेगाची नव्हती. सूत उधार देणारा व्यापारी आणि विणलेली साडी उचलणारा व्यापारी जेथे एकच असतो, तेथे दिवसाकाठी दोन हात कापड अधिक निघाल्याने विणकराची बाकी फिटत नाही. अभियंत्याला जो प्रश्न सोडविता येत होता तो त्याने सोडविला. ज्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत होता तो प्रश्न तसाच राहिला. पाहुण्या सल्लागाराचा हा पहिला आणि अत्यंत सार्वत्रिक दोष होय: आपल्या विद्येत ज्याचे उत्तर आहे, तीच यजमानाची व्याधी आहे असे त्याला मनापासून वाटते.

याच्या उलट उदाहरण त्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, चार दशकांनंतर घडले, आणि ते इतके पूर्ण आहे की त्यावर थोडे रेंगाळल्यावाचून राहवत नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ च्या सुमारास पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, राहाता-राहुरी-श्रीरामपूरच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. परंतु पाठोपाठ जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले, आणि पाण्याने श्रीमंत झालेला बागाईतदार सावकाराच्या खात्यावर कंगाल ठरला. हरिगावच्या बेलापूर कंपनीसारखे खासगी साखर कारखाने पट्ट्यात निघालेले होते, पण त्यांचा नफा शेतकऱ्याचा नव्हता. अशा काळात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी हाती घेतली. संस्थेचे तरुण अन्वेषक गावोगाव हिंडले, कुटुंबवार जमाखर्च टिपले गेले, बागाईत आणि जिराईत गावांची तुलना झाली, आणि त्याचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. येथपर्यंतचा वृत्तांत कोणत्याही विद्यापीठीय पाहणीसारखाच आहे. माहिती गावाने द्यावी, ग्रंथ शहरात छापावा, तो ज्यांच्याविषयी लिहिला त्यांनी कधी पाहू नये, हा आपल्याकडील शिरस्ता आहे.

गाडगीळांच्या बाबतीत तो मोडला, आणि मोडणारा माणूस लोणीचा होता. विठ्ठलराव विखे पाटील यांचे औपचारिक शिक्षण प्राथमिक शाळेच्या पलीकडे गेलेले नव्हते; पण १९२३ सालीच त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली होती, म्हणजे उधारी, वसुली आणि माणसांची पत या तिन्ही विषयांत ते अर्थशास्त्रज्ञाला चार गोष्टी सांगण्याइतके जाणते होते. १९४५ साली बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपुरास, दख्खन कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा हा विचार तेथे मूळ धरू लागला. विखे पाटलांनी तो डोक्यावर घेऊन गावोगाव भागभांडवल गोळा केले, आणि १९५० च्या अखेरीस प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. केंब्रिजला शिकलेला, प्रकृतीने एकांतप्रिय विद्वान त्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला आणि जवळजवळ दहा वर्षे त्या पदावर राहिला.

सहकारी साखर कारखान्यांचे पुढे काय झाले, सत्ता कोणत्या घराण्यांकडे गेली, उसाने भूगर्भातले पाणी किती ओढले, याची चर्चा निराळी आहे आणि ती कटुही आहे. येथे मला एवढेच नोंदवावयाचे आहे की सल्ला देणारा माणूस आपल्या सल्ल्याच्या परिणामाला उत्तरदायी राहिला. ऊस तोलताना काट्यावर होणारी तक्रार, कर्जाचा हप्ता, यंत्रे पुरविणाऱ्यांचा उशीर, हे सर्व त्याच्याच टेबलावर येत होते. आणि दुसरे असे की प्रश्न शेतकऱ्यांनी विचारलेला होता. अर्थशास्त्रज्ञाने तो पुण्यात बसून रचलेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर परदेशी तरुणांची एक मोठी लाट देशात आली ती अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ची. १९६१ पासून १९७६ पर्यंत हे स्वयंसेवक भारतात होते, आणि त्यांच्या आवडत्या कामांत कुक्कुटपालन अग्रभागी होते. कृषिमहाविद्यालयाचे तोंडही न पाहिलेल्या पदवीधराला काही आठवड्यांत कोंबड्यांचे शास्त्र पढवून भारतीय शेतकऱ्यासमोर उभे करण्यात आले, या गोष्टीचे हसू येते; पण ही मंडळी सामान्यतः दोन वर्षे राहत, स्थानिक भाषा शिकून येत, आणि त्यामुळे तीन आठवड्यांच्या आजच्या सल्लागारापेक्षा त्यांचा अधिकार निश्चित मोठा होता. त्यांतील महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या एक आजीबाई, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मुंबईजवळ विक्रोळीच्या कामगार वसाहतीत रुग्णसेवेस आलेल्या लिलियन कार्टर, या पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची माता म्हणून प्रसिद्धीस आल्या.

आता जामखेड. नगर जिल्ह्याच्या या कोपऱ्यातील कथा आरोग्याची म्हणून सांगितली जाते; माझ्या मते ती सल्लागारीच्या शास्त्राचीही आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला वैद्यक शिकले, नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले, आणि आपण बरे करून पाठविलेला रोगी तोच रोग घेऊन पुन्हा दाराशी येतो हे पाहून ते अस्वस्थ झाले. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. डॉक्टर आले म्हणून गावाने आनंद मानला. पण काय हवे असे विचारल्यावर गावाने औषध मागितले नाही. दुष्काळाचा तो काळ होता. लोकांनी अन्न मागितले, पाणी मागितले. आरोळ्यांनी ते मान्य केले. हातपंपांसाठी विंधनविहिरी घेतल्या तेव्हा त्या त्यांनी गावकुसाबाहेरच्या दलित वस्तीत घेतल्या. पाण्यासाठी मग सवर्णांना त्या वस्तीत जाणे प्राप्त झाले. अस्पृश्यतानिवारणाच्या शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते ते भूगर्भातील पाण्याने घडविले, आणि त्यासाठी कोणाला उपदेश करावा लागला नाही.

परंतु या चतुर दांपत्याचीही पहिली योजना फसली. गावोगाव शिकलेल्या परिचारिका नेमाव्यात असा मूळ बेत होता. परक्या गावात एकट्या स्त्रीने राहणे त्यांना जड जाई, आणि गावालाही त्या आपल्या वाटत नसत. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी, असा मार्ग निघाला. बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही परित्यक्ता अशा या स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडला येत, रात्री तेथेच राहत, एक विषय पक्का करून गावी परतत. बाळंतपण, जुलाबात साखर-मिठाचे पाणी, मुलांचे वजन, लसी, कुष्ठरोग्याची देखभाल, इतके सर्व त्यांच्या हाताखाली आले. १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्यूचा दर १९९० च्या दशकात तिशीच्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये व रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले, पण काम चालू आहे.

आमच्या विषयाशी याचा संबंध दोन जागी येतो. या आरोग्यसेविकांना भरघोस वेतन नव्हते. गावाची सेवा आणि घरची चूल या दोन्ही चालाव्यात म्हणून प्रकल्पाने त्यांना लहानसहान धंद्यांसाठी कर्जे दिली. आणि धंदा कोणता करावा हे बाईने ठरवावे, कारण तिच्या गावच्या बाजारात काय खपते हे तिच्याइतके जामखेडच्या केंद्रालाही ठाऊक नव्हते. महिला मंडळे आणि शेतकरी मंडळे गावोगाव होतीच; धंदा बसला तर चार बाया धीराने उभ्या राहत, बुडाला तर त्याची बोलणी मंडळातच होत.

दुसरा संबंध अधिक उद्बोधक. जामखेडला प्रशिक्षण केंद्र उभे राहिल्यावर जगभरचे डॉक्टर आणि विद्यार्थी तेथे येऊ लागले. मेलबर्न विद्यापीठाचा तर स्वतंत्र अभ्यासक्रम तेथे चालत आला आहे. या पदवीधर पाहुण्यांना शिकविण्याच्या कामात निरक्षर गावकरी स्त्रिया आघाडीवर असतात. पाहुणा येथे प्रथम विद्यार्थी होतो. तो खेड्यात जातो तो एखाद्या आरोग्यसेविकेच्या मागोमाग, तिच्या ओळखीने, तिच्या वेळेने. मोफत श्रम करून उपकार करावयास आलेल्या तरुणाला असा उंबरा ओलांडावयास लावणे यात यजमानाचा जो शहाणा स्वाभिमान आहे, तो अन्य ठिकाणच्या स्वागतसमारंभांत, हारतुऱ्यांत आणि छायाचित्रांत मला आढळत नाही.

परदेशी कशाला, आमचे देशी विद्यार्थीही याच कामावर दरवर्षी बाहेर पडतात. राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहावयास येतात. मुलगे कृषिदूत आणि मुली कृषिकन्या, ही नावे वर्तमानपत्रांच्या तालुका पानांनी घरोघर पोचविली आहेत. सरपंचाच्या हस्ते श्रीफळ वाढविले जाते, चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढला जातो, मग बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, निंबोळी अर्क, मुरघास, अझोला यांची प्रात्यक्षिके होतात. नकाशा सुंदर असतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुलांच्या पायांनी तो पुसला जातो, आणि गावाच्या दप्तरात त्याची एकही प्रत राहत नाही. नगरच्या सीएसआरडीसारख्या समाजकार्य शिक्षणसंस्थांचे विद्यार्थी क्षेत्रकार्याला गावांत जातात, त्यांत सातत्य अधिक असते. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे मात्र मी या हिशेबात धरीत नाही; गाव झाडून काढणे हे पुण्यकर्म असले तरी तो धंद्याचा सल्ला नव्हे.

मग खेड्यातील लहान धंद्याला विद्यार्थ्याचा खरोखर उपयोग कोठे आहे? माझे उत्तर रुक्ष आहे: वहीत. जिल्ह्यात दुधाचा धंदा घरोघर आहे. दूधसंकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर भाव ठरतो, पावती मिळते, दहा दिवसांनी बिल होते, आणि तेवढाच आकडा घरात बोलला जातो. कडबा, पेंड, मुरघास, डॉक्टरांची व्हिजिट, गाय माजावर न आल्याने फुकट गेलेले महिने, कर्जाचे व्याज, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहाटे पाचला उठून शेण काढणाऱ्या बाईची मजुरी, यांतील बव्हंश खर्च कोणत्याच वहीत चढत नाही. बाईची मजुरी तर कधीच चढत नाही. बचत गटाच्या पापड-शेवयांचा भावही शेजारच्या गटाने लावला तोच असतो. तो परवडतो की नाही याचा ताळा कोणी घेतलेला नसतो. बचत गटांची म्हणून जी पंचसूत्री सांगतात, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे, तिच्यातील पाचवे सूत्र गटाच्या बचतीपुरते पाळले जाते. धंद्याच्या कीर्दीला ते अद्याप पोचलेले नाही.

हे काम बावीस वर्षांचा वाणिज्यशाखेचा विद्यार्थी करू शकतो. त्याला भव्य कल्पना लागत नाहीत, गाव बदलण्याची प्रतिज्ञा लागत नाही. महिनाभर रोज संध्याकाळी एका घरी बसून, त्या दिवशीचा खर्च त्या बाईच्या तोंडून ऐकून मांडण्याचा चिकटपणा लागतो. तिच्या अन्न सुरक्षा नोंदणीचा अर्ज, बँकेची फाईल, वेष्टनावर छापावयाचा मजकूर, ही दुसरी कामे. पण पाहुण्यांच्या अहवालांत कीर्द क्वचित असते आणि बोधचिन्ह हटकून असते. शेवयांच्या पुड्यावर सूर्यफूल असावे की सुगरणीचा चेहरा, यावर पानेच्या पाने खर्च होतात, आणि त्या शेवया नगरच्या किंवा पुण्याच्या दुकानात नेऊन पोचविण्यास टेंपोचे भाडे किती, हे शोधावे लागते.

उलट गावाने स्वतःचा हिशेब स्वतः मांडला तर काय होते, ते पाहावयास नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यावरून पिके ठरविण्याची रीत पाडली, उसाला आणि शेतीच्या विंधनविहिरींना मनाई केली. आज जगभरचे विद्यार्थी ते शिकावयास तेथे येतात. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जतन केली, त्यांत बाएफ संस्थेच्या लोकांची साथ दीर्घकाळ होती, आणि २०२० च्या पद्मश्रीनंतर त्यांच्या अंगणात कृषिपदवीधरांची रीघ लागली. दोन्ही ठिकाणी ज्ञानाचा प्रवाह पाहुण्याकडून यजमानाकडे नव्हता. बाहेरचा माणूस जेथे होता तेथे तो वर्षानुवर्षे टिकलेला होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पथकाच्या विमानप्रवासाला जो खर्च येतो, तेवढ्यात एखाद्या गटाला शेवयांचे यंत्र येईल, मग पाहुणे हवेत कशाला? मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. यंत्र आले म्हणजे धंदा आला असे नाही, हे चर्चिल मागाने दाखविलेच. शिवाय परक्या मुलखातील वीस वर्षांच्या मुलीने नगर जिल्ह्यातील एका गवळणीचा जमाखर्च महिनाभर लिहिला, तर तिच्या पुढील आयुष्यातील निर्णयांवर त्याचा काही परिणाम होईल, ही जमेची बाजू नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तो लाभ तिचा आहे. त्याला सेवा हे नाव देऊन गवळणीला आभाराच्या ओझ्याखाली ठेवू नये, आणि जमल्यास तिच्या वेळेचा मोबदला द्यावा.

तेव्हा महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि परदेशी विद्यालयांशी करार करणाऱ्या संस्थांना माझी विनंती मोजकी आहे. पथक पाठविण्यापूर्वी गावाचा, गटाचा किंवा धंदेवाल्याचा लेखी अर्ज घ्यावा, आणि अडचण त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. गावात पशुसखी असते, बँकसखी असते, गटाची लेखापाल असते; पाहुण्याने जे काही करावयाचे ते तिच्या हाताखाली आणि तिला शिकवून करावे, म्हणजे तो गेल्यावर वही बंद पडणार नाही. पुढच्या वर्षीचे पथक त्याच गावी जावे आणि त्याने प्रथम मागच्या पथकाचा अहवाल वाचून त्यातील काय चुकले ते लिहावे. आणि अहवालाची एक प्रत, मराठीत, ग्रामपंचायतीच्या दप्तरी दाखल करून तिची पोच घ्यावी.